नाहवाची वेस आणि परबांचा फणस

तुकाराम परब फुजैरात पाण्याच्या बाटल्यांची पिकअप चालवतो. माणूस दिलखुलास, पण गावच्या जमिनीचा मोजणी नकाशा गाडीत घेऊन फिरायची खोड भारी वाईट. कोणी नवा भेटला की नकाशा बाहेर आलाच! धाकटा भाऊ रामेश्वर रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात. वाटणीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, फणसाच्या अलीकडून घालायचा की पलीकडून, यावरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद. आता तर तुकाराम सोमवारी वकिलाला कागद पाठवणार होता. एकदा कोर्टात गेला की भाऊ कायमचा तुटला.

गुरुवारी त्याला पहिल्यांदाच नाहवा गावी माल द्यायला धाडलं. वाटेत मोबाइल वाजला: ओमानमध्ये स्वागत! पासपोर्ट खोलीवर! त्याने गाडी वळवली, तर अमिरातीत स्वागत. पुन्हा निघाला, पुन्हा ओमान. असे तीन हेलपाटे झाल्यावर दुकानापुढे बसलेल्या खमीस नावाच्या म्हाताऱ्याने हात करून थांबवलं.

"चाचा, बॉर्डरका गेट किधर है?"

म्हातारा खो खो हसला. "गेट नहीं, हबीबी. ये मदहा, ओमान का. इसके अंदर नाहवा, शारजा का, यानी अमिरात का. मुल्क बनने से पहले बुजुर्ग लोग को पूछा, तुम किसके साथ? इधरवाला बोला ओमान, नाहवावाला बोला शारजा. काहवा पिया, लकीर खींचा. बाद में दोनों सरकार ने भी साइन किया. खलास."

"और झगडा?"

"मेरी बीवी नाहवा की है. झगडा घर में."

तुकारामने नाहवात माल उतरवला, पण मन लागेना. दोन देशांना फाटक लागलं नाही आणि आपण एका झाडापायी सख्खा भाऊ टाकला, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने तिथूनच फोन लावला.

"रामा, मी बोलतंय."

रामेश्वर म्हणाला, "फणसासाठी फोन केलंस?"

"होय. गडगो झाडाकडे थांबवूया. फणस दोघांचो."

"तीन वर्षां कोणी काढूक नाय. सगळे पडान कुसले."

"ह्या वर्षी काढूया."

"रविवारी येतंय," रामेश्वर म्हणाला. "नकाशो मात्र काढू नको."

पण काढावा लागला. खोलीत जमिनीवर पेपर अंथरून जेवतात, आणि रविवारी पेपरच नव्हता. तुकारामने नकाशा अंथरला. बांगड्याची आमटी नेमकी नकाशातल्या फणसाच्या खुणेवर सांडली, आणि दोघं भाऊ हसत जेवत राहिले.