काशीदचा म्हणून छापलेला नाकतोडा

हेमांगी कडूंना माणगावात सगळे नाकतोडेबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून उरलेला जन्म त्यांनी गवतात वाकून काढला. घरात माणसं कमी आणि टाचणीवर बसवलेले नाकतोडे चार हजार. प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी: कुठे, कधी, कोणी पकडला. चिठ्ठीशिवाय किडा म्हणजे केर, असं त्या मुलांना दरडावत.

वीस वर्षांपूर्वी तळा गावावरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, गुरं राखणाऱ्या भिकूने एक बिनपंखी नाकतोडा मुठीत धरून आणून दिला. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. तेव्हा बाईंना दुर्बुद्धी सुचली. ठिकाण छापलं तर शहरातले हौशी जाळी घेऊन येतील, एवढासा सडा आठवड्यात साफ करतील. त्यांनी चिठ्ठीवर समुद्रकाठचं गाव लिहिलं, काशीद. बसा म्हणावं वाळूत शोधत. तेच ठिकाण देऊन शोधनिबंध छापून आला, बाईंचं नाव झालं आणि सड्याकडे कोणी फिरकलं नाही.

यंदा त्याच सड्यावर जांभ्याची खाण मंजुरीला आली. मार्चमधल्या जनसुनावणीला भिकू सगळा गाव घेऊन आला. त्या किड्याशिवाय खाण अडवायला गावाच्या हातात काही नव्हतं, आणि ऐन मार्चात किडे अंड्यांत, मातीखाली. धरून दाखवायला एकही नाही.

बाईंनी सांगितलं, हा नाकतोडा जगात फक्त याच सड्यावर आहे. अधिकाऱ्याने त्यांचाच निबंध पुढे सरकवला. "मॅडम, यात काशीद लिहिलंय."

गप्प बसावं तर सडा जातो, बोलावं तर जन्मभराची इभ्रत.

"ती चिठ्ठी खोटी आहे. मीच लिहिली."

"मग बाकीच्या चार हजार?"

"खऱ्या आहेत."

"आणि आज सांगताय ते?"

अधिकारी काही दुष्ट नव्हता. जे विचारायला हवं तेच त्याने विचारलं. त्याने कागदावर लिहिलं, पुरावा ग्राह्य नाही.

बाहेर मांडवाशी भिकू वाट बघत होता. त्याला अजून आशा होती.

"बाई, मी हाय की साक्षीला. म्याच धरून दिलता तो. कोणी पकडला, ते लिवता ना तुमी चिठ्ठीवर? माजं नाव दावा त्यांना."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.