खळ लावलेली पाने
पुस्तकबांधणीच्या खळीचा आंबूस वास आला की भोरच्या वाचनालयातली ती दुपार आठवते आणि अंग तापते. संस्थानी काळात मी तिथे ग्रंथपाल होते. मावळ्याच्या संसारावरची माझी कादंबरी नुकतीच छापून आली होती. बाजाराच्या दिवशी ती गावोगावच्या जमलेल्या बायकांना वाचून दाखवायला उघडली, तर दोन पाने खळीने घट्ट चिकटवलेली. लढाईहून परतलेल्या नवऱ्याच्या जखमेवर बायको ओठ टेकते, एवढाच त्यांत प्रसंग. “हे कुणी केले?” मी ओरडले, तर शेजारच्या खोलीतून वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, “बाई, मीच चिकटवली. लेकीसुनांनी ऐकण्याजोगे नाही ते.” “आपण वाचलेत?” “दोनदा! खात्री नको करायला?” माझी कानशिले ठणकू लागली. तेवढ्यात तांदूळ विकून आलेली उत्रोलीची म्हातारी म्हणाली, “तुमीच लिवलंय न्हवं? मंग सांगा की तोंडानं!” मी उभी राहिले आणि चिटणिसांच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्याने, शब्दन्‌शब्द म्हणत गेले. पलीकडे चिटणिसांची खुर्ची एकदाही करकरली नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, आणि तरीही पाने तशीच ठेवायला लावली. केस पांढरे झाले, पण तो राग अजून निवलेला नाही.