कपाटातलं औषध

भिवंडीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात तुळजा म्हात्रे एकोणीस वर्षं नर्स होती. बाळंतपणाला आलेल्या बाया आधी तिलाच हाक मारत. दोन हजार साली डॉक्टर नसताना तिने तापाच्या एका पोराला इंजेक्शन दिलं. पोराच्या अंगावर गांधी उठल्या. तो बरा झाला, पण बापाने तक्रार केली. वरून पत्र आलं: यापुढे डॉक्टरांच्या आदेशाशिवाय इंजेक्शन दिल्यास नोकरी जाईल. तुळजाने त्यावर सही केली.

दोन वर्षांनी, भातकापणीच्या दिवसांत, रंगूबाई आपल्या सुनेला टेम्पोतून घेऊन आली. वैशालीला आठवा महिना होता, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. बीपी एकशे ऐंशीच्या वर. टेबलावर घेताघेताच तिला झटका आला.

डॉक्टर ठाण्याला मीटिंगला गेले होते. तुळजाने तिकडे फोन लावला.

“साहेब आत आहेत, निरोप देतो,” कारकून म्हणाला.

झटक्यांवरचं औषध कपाटात होतं. किती द्यायचं, कुठे टोचायचं, तिला पाठ होतं. डॉक्टरांसमोर तिने ते दोनदा दिलंही होतं.

“बाय, सुई हाय ना तुझ्याकं? मंग दे,” रंगूबाई म्हणाली.

“हाय मावशी. पन डॉक्टरांनी सांगितल्याबिगर मला देता येत न्हाय.”

“हिचं पयलं पोर तूच सोडवलंस. तवा कुनाला इचारलंस?”

“बाळंतपन करायची मला मुभा हाय. ही सुई द्यायची न्हाय.”

तुळजाने कपाट उघडलं, औषध हातात घेतलं, पुन्हा ठेवलं. वैशालीला कुशीवर वळवलं, तोंडाचा फेस पुसला, आणखी एकदा फोन लावला. मग तिला टेम्पोत घालून मोठ्या इस्पितळाकडे निघाली. वाटेत दापोड्याला गोदामांच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. तिथे अजून दोन झटके आले.

वैशाली वाचली. बाळ पोटातच गेलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. “अगं, द्यायचं होतंस ना.”

“असं लिहून द्याल का, साहेब?”

पलीकडून फोन ठेवला गेला.

तीनेक वर्षांनी प्रशिक्षणात सांगितलं, आता असा पहिला डोस नर्सनेच द्यायचा आणि मग पेशंटला पुढे पाठवायचं. बाकीच्या लिहून घेत होत्या. तुळजाने पेन उघडलंच नाही.

परतताना ती रंगूबाईच्या दारावरून गेली. म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती. तुळजा थांबली.

“वैशाली कशी हाय?” तिने विचारलं.

“हाय,” रंगूबाई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.