शैलाचं लग्न आणि आप्पांचे गुडघे

मे महिना संपता संपता कोकणात जाऊ नये, असं मला पुण्यातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी बजावलं होतं. आंबा संपलेला असतो, मासेमारी बंद व्हायच्या बेतात असते आणि घामाने माणसाचं पोतेरं होतं. नवऱ्याने तर गाडी धुवायचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं. मग मी एकटीच सकाळच्या एसटीत बसले. खिडकी मिळाली, पण ती उघडेना. कोल्हापूर सोडल्यावर उघडली, ती मग बंद होईना.

घाट उतरून, पाली मागे टाकून रत्नागिरीला पोचले आणि पावसची रिक्षा केली. भाट्याच्या पुलावर समुद्र दिसला तसा रिक्षावाल्याने न सांगताच वेग कमी केला.

"बघून घ्या," तो म्हणाला. "फोटो काढा. पुण्याचे सगळे काढतात."

"मी पुण्याची कशावरून?"

"मघापासून मला माझ्याच गावचा रस्ता सांगताय ना, म्हणून."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि मुकाट्याने समुद्र पाहिला. चांगला होता.

पावसला एका घरात माझी राहण्याजेवणाची सोय होती. घर जांभ्या दगडाचं, मागे हापूसची कलमं, पुढे सारवलेलं खळं (अंगण). त्या खळ्यात पाऊल टाकायला जागा नव्हती. ताटाताटांतून साठं (आंब्याचा रस वाळवून केलेली पोळी), आमसुलं, फणसाचे पापड, मिरच्या, आणि कोपऱ्यात सुकी मासळी. मासळीवर मांजराची नजर होती आणि मांजरावर ओटीवर आरामखुर्चीत बसलेल्या आप्पांची. आप्पा म्हणजे घरमालक, पंचाहत्तरीचे, आवाज खणखणीत.

"या बाय," ते म्हणाले. "उठलो असतो, पण गुडघे."

पाणी आलं, तेव्हा गुडघे. चहा आला, तेव्हा गुडघे. समुद्रावर कसं जायचं म्हणून विचारलं, तर वाट सांगता सांगता पुन्हा गुडघ्यांवरच आले. संध्याकाळपर्यंत त्या गुडघ्यांशी माझी इतकी ओळख झाली की निघताना त्यांनाही नमस्कार करावा लागणार असं वाटायला लागलं.

घर चालवायची ती त्यांची मुलगी शैला. माझ्याच वयाची, म्हणजे पंचेचाळिशीच्या अल्याडपल्याडची. तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळ घालून. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ती म्हणाली, "ताई, उद्याचं जेवण करून ठेवते, पण दुपारी मी नसेन हं. लग्नाला जायचंय पालीला."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

माझा घास हातातच राहिला. मग तिने सगळं सांगितलं. दत्ताराम नावाचा विधुर, पालीच्या बाजारात पंपदुरुस्तीचं दुकान. काही वर्षांपूर्वी आप्पांच्या विहिरीवरचा पंप बिघडला म्हणून आला. त्या उन्हाळ्यात तो पंप मग इतक्या वेळा बिघडला, की पंपालाच लाज वाटली असेल.

"बिघडवायला काय लागतं?" शैला म्हणाली. "एक वायर काढली की झालं."

"मग इतकी वर्षं थांबलात कशाला?"

"लग्न ठरलं तेव्हा बेगमी (पावसाळ्याची साठवण) उरकायची होती. बेगमी झाली तर पाऊस लागला. मग लावणी, मग गणपती, मग भातकापणी. मग शिमग्याला पालखी घरी येणार. मग आंबा. आंबा संपला की परत बेगमी."

कोकणातल्या वर्षात लग्नाला म्हणून मोकळा दिवसच ठेवलेला नाही, हे मला तेव्हा कळलं. खरी अडचण अर्थात ओटीवर बसली होती. भाऊ मुंबईला, तो न्यायला तयार, आप्पा जायला तयार नाहीत. शेवटी शेजारच्या वहिनींनी दोन वेळचं जेवण आणि वरचं काम पत्करलं होतं.

"ह्या वेळी नाय जमलं तर ते पंपवाले परत विचारणार नायत," शैला खरकटं काढता काढता म्हणाली. "रागवून नाय हो. दमलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घावन खाताना मी आप्पांना मुद्दाम छेडलं. लग्नाला जाणार ना, म्हटलं.

"मी कसला जातो? गुडघे. पण मी तिला अडवलंय का, विचारा तिला. एक शब्द बोललो नाय. जाऊ दे की. मी पडेन हितं. ताटं आत घ्यायची झाली तर मांजर घेईल."

मला त्या गुडघ्यांचा मनापासून राग आला. असली दुखणी मी सासरी पाहिली आहेत. सून माहेरी निघाली की नेमकी उपटतात.

मला परतायचंच होतं आणि पाली वाटेवरच, म्हणून शैलाबरोबर निघायचं ठरवलं. दुपारी रिक्षा आली. शैलाने देवाला नमस्कार केला, आप्पांच्या पाया पडली. त्यांनी तिच्याकडे न बघता "सावकाश जा" एवढंच म्हटलं. ती रिक्षात माझ्या शेजारी बसली, मांडीवर पिशवी घेतली, आणि समुद्राकडून आभाळ काळं व्हायला लागलं.

बघता बघता मळभ दाटलं. वारा सुटला. आळीतल्या घराघरांतून बायका खळ्यात धावल्या. ज्यांच्या भरवशावर सगळं होतं त्या शेजारच्या वहिनीही धावल्या, पण स्वतःच्या मिरच्यांकडे. त्यांना तरी कुठल्या तोंडाने बोलायचं?

"पाच मिनिटं," शैला म्हणाली, आणि तिने पाय खाली टाकला.

मला पक्कं कळलं, ही उतरली की उतरली. आता साठं, मग पाऊस, मग लावणी. मी तिचा दंड धरला. "तुम्ही बसा, मी घेते," असं म्हणून उडी मारायला गेले, तर माझी ओढणी रिक्षाच्या दांडीत अडकली.

"वर्षाचं आहे ताई सगळं!" शैलाने दंड सोडवून घेतला.

तेवढ्यात आप्पा उठले. खांबाला धरून पायऱ्या उतरले, एक ताट उचललं, त्यावर दुसरं ठेवलं आणि पळाले. चालले नाहीत, पळाले. ताटं ओटीवर टाकली, परत फिरले, पुढची उचलली.

"जा गो!" ते ओरडले. "बघतंस काय? मी हाय ना!"

"आप्पा, गुडघे!"

"गुडघे माझे हायत! तू बस! ओ रिक्षावाले, चालू करा ती!"

रिक्षावाल्याने चालू केली. शैला कशीबशी आत बसली. वळणावरून मी मागे पाहिलं, तर आप्पा मिरच्यांचं सूप पोटाशी धरून धावत होते.

मला तर जिंकल्यासारखं झालं होतं. "बघितलंत?" मी म्हटलं. "ठणठणीत आहे म्हातारा. इतकी वर्षं नुसतं नाटक!"

भाट्याचा पूल ओलांडल्यावर शैला म्हणाली, "नाटक नाय ताई. वाट्या झिजल्यायत त्यांच्या. डॉक्टरकडे मीच नेलं होतं. रोज खळ्यात उतरताना माझ्या खांद्याला धरतात."

मग ती पिशवीत तोंड घालून रडली. मी गप्प बसले. मला ते जमत नाही, पण बसले.

रत्नागिरीहून माझ्या पुण्याच्या एसटीनेच पालीपर्यंत आलो आणि शैला तिथे उतरली. दत्ताराम स्टँडवर उभा होता. बुटका, टक्कल पडलेला, शर्टाला इतकी कडक इस्त्री की हात वाकवायची पंचाईत.

"आलीस?"

"आले."

"आप्पा?"

"वाळवण त्यांनी घेतलं आत. धावत."

दत्ताराम तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "उद्या लग्न लागलं की देवळातून आधी पावसला जाऊ. त्यांच्या पाया पडू, मग घरी."

शैलाने मान डोलावली. मी खिडकीतून हात केला आणि गाडी निघाली.

पाऊस आलाच नाही. मी घाट चढत होते तेव्हा आभाळ लख्ख झालं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय काय पाहिलंस? मी भाट्याचा समुद्र सांगितला, तिखलं सांगितलं. मग म्हटलं, एक म्हातारा धावताना पाहिला.

"त्यात काय पाहायचं?" तो म्हणाला.

मी त्याला पहिल्यापासून सांगायला बसले. आप्पा पायऱ्या उतरले इथपर्यंत आले, आणि मला पुढे बोलताच येईना.