तिरोडीच्या साहेबाची समाधी

लग्न होऊन तिरोडीला आले, तेव्हा सासूबाईंनी कुलदैवताच्याही आधी मला एका इंग्रजाच्या पाया पडायला नेलं. मॅंगनीजच्या खाणीमागे चुना फासलेली त्याची समाधी होती. खाणीचा जुना मॅनेजर इथे पुरलाय, संध्याकाळी तो बूट वाजवत फिरतो आणि सिगारेट मिळाली नाही तर ताप आणतो, असं अख्खं गाव सांगायचं. म्हणून लोक तिथे सिगारेट पेटवून ठेवत. सासरे स्वतः बिडी ओढायचे, पण साहेबासाठी फिल्टरवाली आणायचे. गुलामी जाता जात नाही ती अशी.

एका दिवाळीला रंगवण्याआधी जुना चुना खरवडला, तर खालून इंग्रजी अक्षरं निघाली. सुनेचं बीए एकदाचं कामी येईल म्हणून मला बोलावलं. मी वाचून सांगितलं, की साहेब इथे नाहीच. हा दगड त्यानेच बसवलाय, आपल्या लाडक्या कुत्र्यासाठी.

सासऱ्यांनी खिशातलं फिल्टरवालं पाकीट काढून पाहिलं. "कुत्र्याले सिगारेट पाजली आपन," ते म्हणाले.

"मंग बूट कोन वाजवे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वाटीत दूध-पोळी कुस्करून निघाल्या. मी दारातच अडवलं, "आता काहून जाऊन राह्यल्या?"

त्यांनी पदर सावरला. "साहेबानं कधी आपलं आयकलं काय व? कुत्रं आयकते."