डोंगरउतारावरचं राखलेलं गवत

मी चौथीपर्यंत शिकलो. गोड लिहिता येत नाही, झालं तसं लिहितो.

चाकणच्या अलीकडं आमचा एक डोंगरउतार होता आणि साठेक मेंढ्या. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. खाली रस्त्याला कंपन्यांची पत्र्याची छपरं उठत होती, चरायची रानं एकेक करून तारेच्या कुंपणात जात होती. म्हणून आम्ही गवत राखायचो. भादव्यात मेंढ्या उतारावरून काढायच्या, भोवती काट्या लावायच्या आणि गवत उभंच वाळू द्यायचं. कुसळी गवत तेवढं माझी बायको विळ्यानं आधीच काढायची, कारण कुसळ पिकलं की मेंढीच्या कातडीत घुसतं. मागं चांगलं गवत राहायचं. पौषापासून दगडांच्या ओळी मांडून एकेक पट्टी मेंढ्यांना सोडायची. एक साफ झाली की दुसरी. शिमग्यापर्यंत पुरायचं. ही सगळी अक्कल तिची. मी नुसता काठी घेऊन उभा.

त्या मार्गशीर्षात तिच्या भावाचं लग्न होतं. मेंढ्या चुलत्याकडं ठेवून चार दिवस गेलो. परत आलो तर काट्या बाजूला सारलेल्या आणि उतार नागडा. खालच्या कांदेवाल्या शेजाऱ्यानं आपली बैलं-म्हशी चारही दिवस वर घातली होती. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त.

विचारायला गेलो तर तो बाजेवर बसून चहा पीत होता.

"उभं गवत टाकून गेलास राव. आमाला वाटलं, तुला नको हाय."

"काट्या दिसल्या न्हाईत?"

"वाऱ्यानं पडल्या असतील. गवताचं काय, देव पुन्ना देतो."

पावसाळ्यात देतो. माघात देत नाही.

माघात मेंढ्या व्यायल्या आणि कासेत दूध नाही. कोकरं दोन दिवस ओरडायची आणि गप व्हायची. बायको आकडी लावलेली काठी घेऊन नदीकाठच्या बाभळींवर चढायची, मेंढ्यांना डहाळ्या पाडायची. एक दिवस फांदीसकट खाली आली. खुब्याचं हाड नीट बसलंच नाही. मरेपर्यंत लंगडत चालली. शेजारी बघायलासुद्धा आला नाही.

चैत्रात मात्र आला. त्याला कांद्याच्या रानात मेंढ्या बसवून पाहिजे होत्या. मेंढ्या रानात मुक्कामाला राहिल्या की लेंड्यांचं खत होतं, कांदा त्यावर पोसतो.

"झालं गेलं सोड की भावा," म्हणाला.

"सोडलं," म्हणालो. बदल्यात धान्यसुद्धा मागितलं नाही. तिथंच त्यानं सावध व्हायला पाहिजे होतं.

आधीचे तीन दिवस मी मेंढ्या एका पडीक रानात चारल्या. तिथं रानचाकवत पिकून वाळला होता, नुसतं काळं बी. मेंढीच्या पोटात ते बी मरत नाही, लेंडीतून जसंच्या तसं पडतं. मग त्या मेंढ्या नेऊन त्याच्या रानात बसवल्या.

थंडीत त्यानं कांदा लावला आणि वाफ्यात चाकवत उसळला. खुरपला, पुन्हा आला. खुरपायला बाया मिळेनात, सगळ्या कंपन्यांच्या बांधकामावर गेलेल्या. मी उतारावरून बघत बसायचो. खोटं का लिहू, त्या दिवसांत भाकरी गोड लागायची.

मग एक दिवस बघतो तर वाफ्यात दोन बाया. एक त्याची बायको. दुसरी एक पाय लांब सोडून, बसल्या बसल्या सरकत खुरपत होती. माझीच.

घरी आल्यावर मी भडकलो. "त्याच्या रानात गेलीस?"

"त्यो तर बाजंवर बसलाय. तिच्यासाठी गेले. सूड तुमी त्याच्यावर घेतला, पाठ तिची मोडली."

"तुला कुणी सांगितलं?"

"लेंड्या मीच झाडते न्हवं? त्यात काय पडतं ते मला दिसत न्हाई व्हय?"

कांदा तणातून मोकळा होईस्तोवर ती जात राहिली. मी बोललो नाही तिच्याशी. तिचं खरं होतं. पण मला वाईट एवढंच वाटलं, की तो स्वतः एक दिवससुद्धा वाकला नाही.

मागल्या साली ती गेली. दहाव्याला तो घाटावर आला, आता पार म्हातारा. माझ्या शेजारी बसला.

"वैनीनं आमचा कांदा वाचवला व्हता. लई मोठ्या मनाची बाई."

"तिचा पाय तुझ्यामुळं गेला," मी म्हणालो. "ऊठ हितनं."

सगळे बघायला लागले. तो जमिनीवर हात टेकून उठायला गेला, उठवेना, परत बसला. कुणीतरी म्हणालं, "अवं, हात द्या की त्यास्नी."

तिनं दिला असता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.