एक सरळ वाक्य

चांगलं बोललं की चांगलं होतं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ज्या बाईकडून मी हे पहिल्यांदा ऐकलं, तिच्या मुलानं आमचं घर जाळलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठवड्याभरात आमच्या वस्तीवर माणसं चालून आली. भर दुपारी. मी नववीत होते. ताडकळसच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं घर. काडी लागायचा अवकाश, की गेलं. काडी लावणाऱ्याचं तोंड मी पाहिलं, आईनंही पाहिलं. आई जिच्या शेतात पंधरा वर्षं खुरपायला जात होती, त्या मालकिणीचा तो थोरला. लहानपणी आईनं त्याला कडेवर खेळवलेला.

दुसऱ्या दिवशी पोलीस यायच्या आधीच मालकीणबाई आल्या. पाटीभर ज्वारी, दोन जुनी लुगडी. "झालं ते झालं," म्हणाल्या. "आता वंगाळ काई तोंडातून काढू नको. चांगलं बोललं की चांगलं व्हतंय."

जमादारानं विचारलं, "कोणाला वळखलंस का?"

"धूर लय व्हता, सायेब," आई म्हणाली. माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की मी गप्प बसले. कागदावर 'अज्ञात इसमांनी' असं लिहिलेलं मी वाचलं आणि आईनं त्याखाली अंगठा उठवला.

मी लय भांडले तिच्याशी. ती म्हणाली, "बाई एक दिस येऊन म्हणतील, माझ्या लेकानं केलं, चुकलं त्याचं. तेवढं म्हणलं की झालं. पोलिसाचं काय करायचंय आपल्याला?"

आईला नुकसानभरपाई नको होती, ते एक वाक्य हवं होतं. त्यासाठी ती त्याच शेतात परत खुरपायला गेली. बाई बोलायच्या भरपूर. पोरगी हुशार हाय, शिकीव. स्थळ चांगलं मिळंल. आणि घर जळालं त्याला म्हणायच्या 'ती गडबड'. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. अशा गावात जाळलेल्या घराला गडबड म्हणणं काय अवघड? आई संध्याकाळी घरी आली की मी विचारायची, "म्हणल्या का?" ती चूल पेटवायला बसायची.

पुढं मी पालमला शिक्षिका झाले आणि विचारायचं सोडलं. आई थांबलेलीच होती.

नामविस्तार झाला तो दिवस संक्रांतीचा. सोळा वर्षं होत आली होती. मी सणाला घरी आले होते. वस्तीत पेढे वाटणं चाललं होतं. मालकीणबाई तिळगूळ घेऊन आल्या. दरसालासारखा आईच्या पदरात वरून टाकला, हाताला हात लागू न देता. म्हणाल्या, "गोड बोला. बघ, आता तुमच्या मनासारखं झालं. सगळं मिटलं."

आईनं पदर तसाच धरून ठेवला. आवाजही चढवला नाही.

"बाई, तुमच्या लेकानं माझं घर जाळलं."

बाईंचं तोंड उतरलं. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "सणाच्या दिशी असं वंगाळ बोलतेत का गं?" आणि चालत्या झाल्या.

त्या साली ज्वारीच्या काढणीला आईला बोलावणं आलं नाही. आई माणूस म्हणून बरी होती, पण तोंडानं लय वाईट निघाली, असं गावभर झालं. आईला त्याचं काही वाटलं नाही. "बोलून टाकलं, बरं झालं," एवढंच म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती पोटभर जेवायची.

दिवाळीनंतर ती गेली. तिसऱ्या दिवशी तो आला, थोरला. आता गावचा पुढारी. दारात उभा राहून हात जोडले आणि म्हणाला, "मावशी लय गोड स्वभावाची. कधी कोणाला वाकडं बोलली न्हाई."

ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. आईनं ते एकदा बोलून दाखवलं होतं, मला नुसतं परत म्हणायचं होतं. अंगणात वस्तीची पाचपन्नास माणसं ऐकत होती.

मी म्हणाले, "बसा." चटईही मीच टाकली.